'माय फेअर लेडी'ची 2018 ची रेकॉर्ड: निव्वळ ऐकताना हे नाटक एलायझाचं होतं

गोदातीर (नांदेड)

मंडळी, सध्या एकच रेकॉर्ड ऐकायलो आणि तिच्याबद्दल कुणाशी बोलल्याशिवाय राहवंना, म्हणून हा धागा.

'माय फेअर लेडी' म्हटलं की आपल्याकडं बहुतेकांना सिनेमा आठवतो. पण मूळ ते ब्रॉडवेचं गाण्यांचं नाटक. 15 मार्च 1956 ला न्यूयॉर्कला सुरू झालं आणि त्याचे 2,717 प्रयोग झाले. शब्द ॲलन जे लर्नरचे, संगीत फ्रेडरिक लोवेचं, गोष्ट बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'ची. त्याच 'पिग्मॅलियन'वरून पुलंनी 1975 साली 'ती फुलराणी' केली, त्यामुळं कथा आपल्याला परकी नाही. फुलं विकणारी पोरगी एलायझा, भाषेचा प्रोफेसर हिगिन्स, आणि सहा महिन्यांत हिला बड्या घरच्या बाईसारखं बोलायला लावतो अशी पैज.

न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटर थिएटरनं हे नाटक 2018 मध्ये नव्यानं उभं केलं. दिग्दर्शक बार्टलेट शेर. त्या संचानं गायलेली रेकॉर्ड त्याच वर्षी निघाली. प्रयोग 2019 च्या जुलैत थांबले, आपण तिथं जाऊन बघायचा प्रश्नच नव्हता. आपल्या वाट्याला आलं ते कानानं ऐकायचं नाटक. आणि ते तसं ऐकलं की एक गोष्ट स्पष्ट होते: हे नाटक प्रोफेसर हिगिन्सचं नाही, एलायझाचं आहे.

आधी वयांचं बघा. 1956 मध्ये हिगिन्स झालेला रेक्स हॅरिसन 48 वर्षांचा होता आणि एलायझा झालेली ज्युली अँड्र्यूज फक्त 20 वर्षांची. 2018 मध्ये हॅरी हॅडन-पेटन 37 चा आणि लॉरेन ॲम्ब्रोज 40 ची. म्हणजे शिकणारी शिकवणाऱ्यापेक्षा मोठी. हे फक्त डोळ्यांना दिसण्यापुरतं नाही, आवाजात उतरलंय. जुन्या रेकॉर्डवर एक गुणी पोरगी वडीलधाऱ्या माणसाचं बोलणं खाते आणि चिडते. नव्या रेकॉर्डवर जग बघितलेली बाई एका हुशार पण पोरकट माणसासमोर उभी आहे. शब्द तेच आणि चालीही त्याच, तरी पारडं फिरलेलं.

'वुडन्ट इट बी लव्हर्ली' घ्या. कोव्हेंट गार्डनच्या मंडईत थंडीच्या रात्री एलायझा म्हणते, उबदार खोली हवी, बसायला ऐसपैस खुर्ची हवी, खायला चॉकलेट हवं. बास, एवढंच. बहुतेक गायिका हे गाणं गोड करून गातात. ॲम्ब्रोज ते गोड करत नाही. तिच्या गाण्यात दिवसभर उभं राहून दुखणारे पाय ऐकू येतात. पुरुषांचा कोरस मागं हळूच सूर धरतो आणि ती त्यावर जवळजवळ बोलल्यासारखं गाते. मग शेवटी आवाज थोडा मोकळा सोडते. तेवढ्या एका जागेत कळतं की हिच्याकडं गळा आहे, तो राखून ठेवलाय.

मग 'जस्ट यू वेट'. इथं ती प्रोफेसरचं नाव 'हेन्री हिगिन्स' न म्हणता 'एन्री इगिन्स' म्हणते, कारण लंडनच्या कॉकनी बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गळतो. सगळं नाटक त्या एका 'ह'वर उभं आहे. ॲम्ब्रोज तो गाळताना विनोद करत नाही. तिची ती भाषा आहे आणि त्या भाषेत ती संतापलेली आहे. 'ती फुलराणी'तलं भक्ती बर्वेंचं 'तुला शिकवीन चांगलाच धडा' आठवा. जागा तीच, राग तोच. पुलंनी त्या ठिकाणी गाणं न ठेवता लयीतलं बोलणं ठेवलं, आणि भक्ती बर्वेंनी ते अजरामर केलं.

अजून लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण आधी तुम्ही बोला. कुणी ऐकलीय का ही रेकॉर्ड?

जुना टेपवाला (छत्रपती संभाजीनगर)

गोदातीर, छान लिहिलंत. पण 1956 च्या रेकॉर्डची बाजू कुणीतरी मांडली पाहिजे, ती मी मांडतो.

ही रेकॉर्ड म्हणजे नुसती नाटकाची आठवण नाही. कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या मालक कंपनीनं, सीबीएसनं, नाटकात पैसा घातला होता आणि कोलंबियानं नाटक सुरू झाल्यावर दहाच दिवसांनी, रविवारी, सगळा संच स्टुडिओत नेला. गॉडर्ड लीबरसन हा निर्माता या कामातला वस्ताद. नाटकाची गाणी घरी बसून ऐकणाऱ्याला गोष्ट कळावी म्हणून कुठं संवादाची एखादी ओळ ठेवायची, कुठं कापायची, याची त्याला अचूक जाण होती. ही परंपरा लोकांच्या घरोघरी नेली ती 1943 च्या 'ओक्लाहोमा!'नं. त्या वेळी 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) तबकड्यांचा संच निघाला होता, कारण एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावायची. 1948 ला लाँग प्ले, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली आणि नाटकाची गाणी एका तबकडीवर बसू लागली.

आणि हॅरिसन. तो गात नाही, सुरावर चालत बोलतो. लर्नर-लोवेनी त्याच्यासाठीच ती गाणी तशी बेतली. हॅडन-पेटन चांगलाय, सुरेल आहे, पण 'आय ॲम ॲन ऑर्डिनरी मॅन'मध्ये हॅरिसन जे वेळेशी खेळतो, तालाच्या मागं राहून पुन्हा समेवर येतो, ते दुसऱ्या कुणाला जमलेलं मी ऐकलेलं नाही. आपल्याकडं संवाद म्हणता म्हणता पदात शिरणारे नट होते, त्यांच्या जातीचं हे काम आहे.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक. 1956 ची रेकॉर्ड मोनो आहे, सगळा आवाज एकाच वाटेनं येतो. डाव्या-उजव्या बाजूचा आवाज वेगळा देणारी स्टिरिओ हवी म्हणून 1959 ला लंडनमध्ये तीच मुख्य मंडळी घेऊन पुन्हा रेकॉर्ड केली. ध्वनी तिथं स्वच्छ आहे, पण प्रयोग सुरू होऊन तीन वर्षं झालेली. ज्युली अँड्र्यूजचा आवाज जास्त तयार वाटतो, पहिल्या रेकॉर्डवरची धडपड मात्र ओसरलेली. मी पहिलीच ऐकतो.

रातराणी (मूळ उदगीर, सध्या पुणे)

गोदातीर दादा, तुमच्या त्या 'ह'वरून मला लिहावंच लागलं.

मी पुण्यात शिकायला आले तेव्हा पहिल्या आठवड्यात कुणीतरी विचारलं, काय करतेस? मी म्हणाले, "अभ्यास करूलाले." सगळा वर्ग हसला. एक सर पण हसले. पुढं कितीतरी दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही. मग हळूहळू 'करतीये' म्हणायला लागले. आता माझं बोलणं ऐकून कुणी म्हणत नाही की ही उदगीरची. आई फोनवर म्हणती, "बाई, तू तर लई साहेबासारखं बोलूलालीस."

त्यामुळं 'द रेन इन स्पेन' सगळ्यांना आनंदाचं गाणं वाटतं, मला ते ऐकताना आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. रात्रभर घोकून घोकून तिला ते उच्चार जमतात, ती, हिगिन्स आणि त्याचा मित्र असे तिघं नाचतात. जमल्याचा आनंद खरा आहे, तो मी अनुभवलाय. पण त्याच क्षणी ती मंडईत परत जायची वाट बंद करायली, हे तिला अजून ठाऊक नाही. दुसऱ्या अंकात ती फुलबाजारात जाते तेव्हा तिचे जुने सोबती तिला ओळखतच नाहीत.

2018 च्या रेकॉर्डवर ॲम्ब्रोज 'आय कुड हॅव डान्स्ड ऑल नाइट' गाते तेव्हा मोलकरणी तिला झोप म्हणून सांगत असतात आणि ती त्यांच्या बोलण्यावरून गात सुटते. इथं तिचे उच्चार आता स्वच्छ आहेत, पण पक्के नाहीत, नवीन चप्पल घातल्यासारखे. मुद्दाम केलंय की काय माहीत नाही, पण मला तसं ऐकू आलं.

बालाघाट (अंबाजोगाई)

रातराणीताई, तुमचं वाचून मी वर्गातल्या पोरांचा विचार करत बसलो. मी इंग्रजी शिकवतो. पोरांना उच्चार शिकवावेच लागतात, त्याशिवाय मुलाखतीत त्यांना कुणी उभं करत नाही. पण ज्या सुरात हिगिन्स ते शिकवतो, तो सूर शिक्षकाच्या तोंडी येऊ नये यासाठी फार जपावं लागतं.

पहिलंच गाणं बघा, 'व्हाय कान्ट द इंग्लिश'. हिगिन्सचा मुद्दा काय? इंग्रज माणूस तोंड उघडतो आणि दुसरा इंग्रज लगेच त्याचा तिरस्कार करतो. निदान बरोबर आहे. शॉला हाच अन्याय दाखवायचा होता. पण हिगिन्स ते निदान सांगता सांगता समोरच्या गरीब पोरीला भाजीच्या पाल्याच्या लायकीची ठरवतो. रोग ओळखणारा वैद्य स्वतःच रोगी आहे. हॅरिसनच्या रुबाबामुळं 1956 च्या रेकॉर्डवर हे झाकलं जातं, आपण त्याच्यावर खूश होऊन बसतो. हॅडन-पेटनचा हिगिन्स तरुण आहे, उतावीळ आहे, आईच्या लाडानं बिघडलेला वाटतो, म्हणून त्याचा उद्धटपणा उघडा पडतो. टेपवाले काका, मला वाटतं ती उणीव नाही, ते नव्या प्रयोगाचं कामच आहे.

'ॲस्कॉट गावोत' हे माझं सगळ्यात आवडतं. घोड्यांच्या शर्यतीला आलेले सरदार-उमराव गातात की आमचं काळीज कसं धडधडायलं, असा थरार कधी अनुभवला नाही. आणि चाल अशी की एक पापणी हलत नाही. गावोत हा जुन्या दरबारी नाचाचा प्रकार, मोजून मापून पाऊल टाकायचं. लोवेनं तीच लय घेतली. म्हणजे शब्द एक सांगायलेत आणि चाल त्यांचा खोटेपणा दाखवायली. वर्गात मी हेच गाणं लावतो. ज्या पोरांना शब्द कळत नाहीत तीसुद्धा म्हणतात, "सर, ही माणसं खरं बोलंनात."

कापूसकोंडी (परभणी)

मी 2018 ची आजच लावली. पहिलं जाणवलं ते म्हणजे सुरुवातीचं वाद्यसंगीत. एवढा भरगच्च वाद्यवृंद आजकाल कुठं ऐकायला मिळतो? की हे जुन्या रेकॉर्डवरूनच घेतलंय?

तबलजी (जालना)

नाही, नव्यानंच वाजवलंय. पण वाद्यरचना मूळच्याच, रॉबर्ट रसेल बेनेट आणि फिलिप जे. लँग यांच्या. 2018 चा संगीत संचालक टेड स्पर्लिंग. पैसा वाचवायला बऱ्याच पुनरुज्जीवनांत वादक कमी करून सिंथेसायझर घालतात. इथं तसं केलेलं नाही, आणि तेच या रेकॉर्डचं मोठं देणं आहे. मोनोत जे सगळं एकमेकांत मिसळलेलं होतं ते आता सुटं ऐकू येतं.

'द रेन इन स्पेन' हेडफोन लावून ऐका. आधी नुसतं बोलणं, दमलेलं. मग एलायझा ते वाक्य नीट म्हणते. हिगिन्स पुन्हा म्हणायला लावतो. ती पुन्हा म्हणते, आणि त्या बोलण्याचाच ठेका होतो. बोलण्यातून गाणं कुठल्या क्षणी सुरू झालं ते बोट ठेवून सांगता येत नाही. मग स्पॅनिश वळणाचा हाबानेरा नाचाचा ठेका येतो. तालवाला म्हणून मला ही जागा फार मोठी वाटते. आपल्या संगीत नाटकात ऑर्गननं सूर दिला की प्रेक्षकाला कळायचं, आता पद. तिथं लोक पदाची वाट बघायचे, हे लोक गाणं चोरपावलानं आणतात. दोन्हींत मजा आहे.

जुना टेपवाला (छत्रपती संभाजीनगर)

तबलजी, बरोबर बोललात, आणि आता माझी जुनी खंत बाहेर येते.

आपल्याकडं 1880 ला किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं, 1882 ला 'सौभद्र', 1911 ला खाडिलकरांचं 'मानापमान'. गाण्याच्या नाटकाची एवढी मोठी परंपरा. बालगंधर्वांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. पण त्या पदांच्या तबकड्या. रंगमंचावर वन्समोअर घेत घेत रंगणारं पद तीन-सव्वातीन मिनिटांत बसवायचं. दोन पदांच्या मधलं नाटक त्यात नाही. कुणी कुणाला काय म्हणालं म्हणून हे पद आलं, ते त्यात नाही. आम्ही पदं पाठ केली, नाटकं विसरलो. माझ्या घरी 'मत्स्यगंधा'ची पदं सगळ्यांना येतात, त्यातल्या निम्म्यांना सत्यवतीची गोष्ट सांगता यायची नाही.

गोदातीर (नांदेड)

काका, खंत पटली. पण एक दिलासा पण आहे. 'कट्यार काळजात घुसली' 1967 चं, दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांडे खाँसाहेब. ते 2010 ला सुबोध भावेनं पुन्हा उभं केलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतरावांचा नातू राहुल देशपांडे. तिथंही 'माय फेअर लेडी'सारखाच प्रश्न होता. मूळ आवाज लोकांच्या कानात इतका बसलेला, आता नवीन माणसानं काय करायचं? नक्कल केली तर मेलेलं, सोडून दिलं तर लोक म्हणणार हे ते नाही. जुनी चाल ठेवून तिच्यात आपला श्वास घालणं हाच मार्ग. ॲम्ब्रोजनं तेच केलंय.

आता राहिलेलं लिहितो.

माझ्या मते रेकॉर्डचा कणा म्हणजे 'शो मी' आणि 'विदाउट यू'. पैज जिंकल्यावर 'यू डिड इट'मध्ये सगळे हिगिन्सचं कौतुक करतात, आणि जिनं केलं तिच्याशी कुणी एक शब्द बोलत नाही. रेकॉर्डवर हे फार बोचतं. रंगमंचावर ती कोपऱ्यात उभी दिसते, रेकॉर्डवर ती नसतेच. सगळ्या गाण्यात तिचा आवाज नाही. ऐकणाऱ्याला मध्येच वाटतं, अरे, एलायझा कुठं गेली?

मग ती घराबाहेर पडते आणि दारात फ्रेडी. हा पोरगा तिच्या रस्त्यावर उभा राहून प्रेमाचं गाणं गातो. जॉर्डन डोनिकाचा आवाज भारदस्त आणि मऊ. तो पुन्हा शब्दांचे फुलोरे सुरू करतो आणि एलायझाचा स्फोट होतो: शब्द पुरे, काही करून दाखव! 'शो मी'ची लय इतकी पळती की श्वास घ्यायला जागा नाही. ॲम्ब्रोज तिथं उच्चार स्पष्ट ठेवते, शुद्ध ठेवते, आणि राग मात्र मंडईतला. शिकवलेल्या भाषेत ती पहिल्यांदा स्वतःचं बोलायली.

'विदाउट यू'मध्ये ती त्याला शांतपणे सांगते की तुझ्यावाचून वसंत येईल, भरती येईल, पृथ्वी फिरेल. आणि हिगिन्स काय करतो? तिचं गाणं संपू देत नाही. मध्येच घुसून म्हणतो, बघा, मीच घडवली हिला! तिच्या बंडाचं श्रेयही त्याचंच. जुन्या रेकॉर्डवर मला इथं हसू यायचं. नव्यावर येत नाही.

कापूसकोंडी (परभणी)

एक विचारतो. शेवटी ती परत येते ना? सिनेमात येते. मग तुम्ही म्हणता ते एलायझाचं नाटक कसं काय?

बालाघाट (अंबाजोगाई)

शॉला ते मान्यच नव्हतं. त्यानं 1916 ला 'पिग्मॅलियन'ला जोडून लांबलचक लिहून ठेवलं की एलायझा फ्रेडीशी लग्न करते, हिगिन्सशी नाही. नट-निर्माते मात्र पहिल्यापासून दोघांना एकत्र आणायच्या मागं. 1956 च्या नाटकात ती परत येते आणि हिगिन्स तिला चपला कुठंयत म्हणून विचारतो. बार्टलेट शेरनं एक शब्द बदलला नाही. ती येते, त्याच्या गालाला हात लावते आणि वळून रंगमंचावरून उतरून प्रेक्षकांमधून निघून जाते. संवाद तोच, अर्थ उलटा.

रातराणी (मूळ उदगीर, सध्या पुणे)

आणि हे रेकॉर्डवर ऐकू येत नाही! ती बोलत नाही, फक्त चालते. ध्वनिमुद्रिकेची ही मर्यादा मानली पाहिजे. पण मला वाटतं ज्यानं 'शो मी' आणि 'विदाउट यू' नीट ऐकलं, त्याला ती जाणार हे आधीच कळलेलं असतं. ज्या आवाजात ती 'विदाउट यू' गाते तो परत येणाऱ्या बाईचा आवाज नाही.

जुना टेपवाला (छत्रपती संभाजीनगर)

पण 'आय हॅव ग्रोन अकस्टम्ड टु हर फेस' विसरू नका. तो माणूस तिथं मोडतो. आधी चिडतो, ती भिकेला लागेल म्हणतो, आणि मग तिच्या सकाळच्या आवाजाची सवय झालीय हे कबूल करतो. प्रेम म्हणत नाही, सवय म्हणतो. त्याला तेवढंच बोलता येतं. हॅडन-पेटननं हे गाणं हॅरिसनच्या तोडीचं केलंय, हे मात्र मी आज पुन्हा ऐकून मान्य करतो.

रातराणी (मूळ उदगीर, सध्या पुणे)

काका, गाणं सुंदर आहे. मी त्याला माफ करत नाही.

तबलजी (जालना)

डूलिटलबद्दल कुणीच लिहिलं नाही! एलायझाचा दारुडा बाप. 1956 ला स्टॅन्ली हॉलोवे, म्युझिक हॉलच्या, म्हणजे इंग्लंडातल्या गाण्या-विनोदाच्या रंगमंचाच्या मुशीतला. आणि 2018 ला नॉर्बर्ट लिओ बट्झ. 'गेट मी टु द चर्च ऑन टाइम' दोघांचंही दणकेबाज. बट्झ त्यात घशाची खरखर घालतो, लग्नाआधीच्या रात्रीचा दारूचा दर्प त्या आवाजाला येतो. मिसेस हिगिन्स, म्हणजे हिगिन्सची आई झालेली डायना रिग मात्र या रेकॉर्डवर जवळजवळ नाहीच, कारण त्या भूमिकेला गाणं नाही. 1974 ला लंडनमध्ये 'पिग्मॅलियन'मध्ये ती स्वतः एलायझा होती.

कापूसकोंडी (परभणी)

सिनेमातली गाणी मग ऐकू की नको?

गोदातीर (नांदेड)

ऐक की, पण तिथं ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांना मार्नी निक्सनचा आवाज आहे हे लक्षात ठेव. अभिनय एकीचा, गळा दुसरीचा. आपल्या हिंदी सिनेमाच्या कानाला ते खटकत नाही, पण या गोष्टीत खटकतं. बाईचा आवाज बदलण्याचीच गोष्ट, आणि तिचा आवाजच तिचा नाही. हॅरिसननं मात्र सिनेमात गाणी आधी रेकॉर्ड करायला नकार दिला. टायमध्ये छोटा माईक लपवून कॅमेऱ्यासमोरच म्हटली.

तू आधी 2018 ची सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐक, गाणी उलटसुलट लावू नको. शब्द समोर ठेव. मग 1956 ची लाव. शेवटी भक्ती बर्वेंचं ते स्वगत ऐक, म्हणजे एलायझा मराठीत कशी पेटते ते कळंल.

तबलजी (जालना)

दोन्ही 'शो मी' पाठोपाठ लावून मात्रा मोजायलो. ॲम्ब्रोज कुठं लय ओढती आणि अँड्र्यूज कुठं, ते उद्या इथंच लिहितो. टेपवाले काका, 1959 चंही असेल तर त्याच गाण्याबद्दल तुम्ही सांगा.